खरकट्या भांड्यांचा डोंगर उपसताना

सणाचा दिवस आटोपलेला असतो, पाहुणे परतलेले असतात आणि त्यातच भांडी घासणाऱ्या बाईंचा निरोप येतो, 'दोन दिवस गावी जाते.' दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकावे तर सिंकमध्ये हात घालायलाही जागा नसते. पातेल्यांत ताटे, ताटांत वाट्या, शेगडीवर तशीच राहिलेली कढई आणि मिक्सरच्या भांड्याशेजारी कालच्या भाजीचे देठ. अशा वेळी बहुतेक जण नळ सोडतात आणि हाती येईल ते भांडे घासू लागतात. अर्ध्या तासाने पाहावे, तर ढीग जवळपास तेवढाच! याचे कारण कष्ट कमी पडले हे नव्हे. कामाचा क्रम चुकला, हे आहे.

आधी जागा, मग घासणी

साठलेल्या भांड्यांची पहिली अडचण जागेची असते. खरकटी, भिजत घातलेली, घासलेली आणि निथळणारी अशा चार प्रकारच्या भांड्यांना चार जागा लागतात. शहरी सदनिकेतील ओटा मुळातच आखूड, त्यात तो पसाऱ्याने भरलेला. म्हणून पहिली दहा मिनिटे एकही भांडे घासू नये. मसाल्याचा डबा, बरण्या, वाणसामानाच्या पिशव्या जागच्या जागी ठेवाव्यात. जाळीत वाळलेली स्वच्छ भांडी मांडणीवर लावावीत. उरलेले अन्न आणि खरकटे ओल्या कचऱ्यात काढावे. तेलकट कढई व तुपाचे पातेले रद्दी कागदाने पुसून घ्यावे. तूप किंवा वनस्पती तूप सिंकच्या नळीत थंड होऊन थिजते, त्याला खरकटे चिकटत जाते आणि पुढे सिंक तुंबते.

यानंतर सिंकमधील भांडी बाहेर काढून सिंक रिकामे करावे. काचेची भांडी व पेले एकीकडे, ताटे-वाट्या दुसरीकडे, स्वयंपाकाची मोठी भांडी तिसरीकडे. नीट रचलेल्या भांड्यांना जागा कमी लागते, आणि काम नेमके किती आहे, हेही प्रथमच समोर दिसते.

पाण्याला काम करू द्यावे

घासण्याचे निम्मे श्रम भिजवण्याने वाचतात. एखादे मोठे पातेले किंवा टब घेऊन त्यात साबणाचे पाणी करावे आणि लहान भांडी त्यात बुडवून ठेवावीत. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे स्निग्ध पदार्थाकडे ओढले जाते. त्यामुळे पृष्ठभागावरचे तेल सुटून पाण्यात उतरते. तेलकट भांड्यांना गरम पाणी उपयोगी पडते. दूध, अंडे किंवा कणीक लागलेल्या भांड्यांना मात्र आधी थंड पाणी घालावे. कढत पाण्याने त्यातील प्रथिने गोठतात, कणकेची खळ होते आणि लेप अधिकच घट्ट बसतो.

स्टीलच्या पातेल्यात दूध करपले असेल, तर तळ बुडेल इतके पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटे उकळावे. थर सैल होतो. ॲल्युमिनियमच्या भांड्याला हा उपाय करू नये, सोड्याने ते काळवंडते. मिक्सरच्या भांड्यात थोडे पाणी व थेंबभर साबण घालून ते काही क्षण फिरवले, की पात्यांखालचे वाटण सुटते.

काही वस्तू भिजत ठेवू नयेत. लोखंडी तवा गंजतो. तो लगेच धुऊन, आचेवर कोरडा करून तेलाचा हात फिरवावा. पोळपाट-लाटणे पाणी पिऊन फुगते, चिरते. सुरी फेसाच्या पाण्यात दिसत नाही आणि हात कापतो. नॉनस्टिक तव्याला तारेची घासणी लावू नये. तांब्या-पितळेची भांडी बाहेरून चिंच किंवा लिंबाने उजळतात, कारण त्यातील आम्लात धातूवरचा काळपट थर विरघळतो. आतल्या कल्हईला मात्र आंबट पदार्थ घासू नये.

नळ बंद, क्रम ठरलेला

घासताना कमी मळलेल्या भांड्यांपासून सुरुवात करावी. आधी काचेचे पेले आणि कप, मग चमचे, वाट्या, ताटे आणि शेवटी कुकर, कढई, तवा. उलट क्रमाने गेल्यास कढईचे तेल घासणीला लागते आणि पेल्यांवर उतरते. कुकरच्या झाकणाची रिंग काढून धुवावी आणि वाफेचे छिद्र मोकळे आहे ना, हे पाहावे. एकेक भांडे घासून विसळण्यापेक्षा दहा-पंधरा भांडी घासून एकदम विसळावीत.

यात पाण्याचा हिशेब आहे. भारतीय मानकानुसार शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी गृहीत धरलेले असून, त्यातील १० लिटर भांडी घासण्यासाठी आहे. म्हणजे चौघांच्या घरात ४० लिटर. पूर्ण सोडलेल्या नळातून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जाते. चार-पाच मिनिटांत दिवसाचा वाटा संपतो.

विसळलेली भांडी ओलसर फडक्याने पुसण्यापेक्षा पालथी घालून निथळू द्यावीत. खरकटे रात्रभर राहिले, की झुरळांना आमंत्रण मिळते. अनुकूल उष्णतेत काही जिवाणूंची संख्या २० मिनिटांत दुप्पट होते. घासणीही शेवटी धुऊन, पिळून सुकवावी. सदैव ओली राहणारी घासणी हे जिवाणूंचे घरच असते.

हा ढीग कुणाचा?

वर सांगितलेल्या क्रमाचा आणखी एक लाभ आहे. 'भांडी घासणे' हे एकच काम वाटते, तेव्हा ते एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते, आणि ती बहुधा घरातील स्त्री असते. २०१९च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. शिवाय पाहणीतील ८० टक्क्यांहून अधिक स्त्रिया हे काम करत होत्या, तर पुरुष जेमतेम २६ टक्के. पण खरकटे काढणे, रचणे, भिजवणे, घासणे, विसळणे, जागेवर लावणे अशी कामे वेगळी केली, की ती वाटून घेता येतात. लहान मुलेही चमचे पुसून लावू शकतात. दोघे ओट्याशी उभे राहिले आणि एकाने घासून दुसऱ्याने विसळले, तर वेळ बराच वाचतो.

बाई परत येतील तेव्हा घासतील, म्हणून दोन दिवसांचा ढीग राखून ठेवणेही योग्य नाही. त्यांचा मोबदला रोजच्या भांड्यांचा ठरलेला असतो. सुटीनंतरचे दुप्पट काम त्यात धरलेले नसते. वाळून कडक झालेले खरकटे घासताना त्यांच्या बोटांना जे सोसावे लागते, ते वेगळेच. निदान भांडी खरकटे काढून भिजत घालणे आणि जास्तीच्या कामाचे पैसे देणे, एवढे घराने करायला हवे.

डोंगर पुन्हा उभा राहू नये, यासाठी एक साधा नियम पुरतो: जेवून उठणाऱ्या प्रत्येकाने आपले ताट स्वतः खरकटे काढून, पाणी घालून ठेवायचे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.