दाखला, वर्ग आणि हक्क

पाथर्डी-शेवगावकडची आपली कितीतरी माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्यांची मुले निम्मे वर्ष शाळेत, निम्मे फडात. परतल्यावर त्यांना कोणत्या वर्गात बसवायचे?

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात याचे उत्तर आहे. कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्ग मिळतो आणि मागे पडलेला अभ्यास त्याला खास शिकवून भरून काढायचा असतो. कलम ५ प्रमाणे शाळा बदलताना मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा; दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. माझ्या आईवडिलांना दाखला ही मास्तरांची मेहेरबानी वाटे. ती मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

पण हा हक्क आठवीपर्यंतचाच. दहावीला नापास झालेल्याचे उत्तीर्ण विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था पुढे धरते, तेही दोनच. आणि त्यासाठी परीक्षेपर्यंत पोचावे लागते. नववीतून फडावर गेलेली मुलगी तिथवर पोचतच नाही. तोडलेल्या उसाचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. तिने शिकलेल्या निम्म्या नववीचा हिशेब कुठेच नसतो. तो आता आपण मागितला पाहिजे.