करार कराराला विचारतो तेव्हा

लातूर-नांदेडकडचा शेतकरी सोयाबीन वखारीत ठेवतो आणि मिळालेल्या पावतीवर शेतमाल तारण कर्ज घेतो. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने या पावत्यांसाठी ब्लॉकचेनचा वापर सुरू केला. एकाच पावतीवर दोन ठिकाणी कर्ज उचलले जाऊ नये, हा अशा नोंदींचा मोठा फायदा.

असा व्यवहार इथेरियमसारख्या ब्लॉकचेनवर मांडायचा तर दोन स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ठरल्या अटींनुसार आपोआप चालणारे प्रोग्रामरूपी करार, पुरतात. एक पावत्यांची नोंद ठेवतो, दुसरा कर्ज देतो. कर्जाच्या कराराजवळ मालाची नोंद नसते. ती पावतीच्या कराराला विचारावी लागते.

त्यासाठी समोरच्या कराराचा पत्ता आणि इंटरफेस लागतो. फंक्शनचे नाव, त्याला द्यायची माहिती आणि परत येणाऱ्या मूल्यांचे प्रकार इंटरफेसमध्ये लिहिलेले असतात. पाठवलेल्या डेटाचे पहिले 4 बाइट कोणते फंक्शन हवे ते सांगतात. त्यामागे पावती क्रमांक जातो. मालकाचा पत्ता, वजन, तारण आहे की नाही, अशी साधी मूल्ये प्रत्येकी 32 बाइटच्या कप्प्यात परत येतात. असे करार लिहिण्याच्या सॉलिडिटी भाषेत अपूर्णांक साठवण्याची सोय नसल्याने साडेबारा क्विंटलऐवजी 1250 किलो असे नोंदवणे सोयीचे.

इंटरफेसमार्फत केलेला कॉल (विचारणा) फसला की एरवी सगळा व्यवहार रद्द होऊन नोंदी पूर्ववत होतात. फसल्यावरही पुढे जायचे असेल, तर सॉलिडिटीच्या 0.6 आवृत्तीपासून ट्राय-कॅचची सोय आहे. थेट पत्त्यावर कॉल केल्यास मात्र व्यवहार आपोआप थांबत नाही. तिथे कॉल यशस्वी झाला का आणि कच्चे बाइट कोणते, एवढेच हाती येते. पत्त्यावर करारच नसला तरी ‘यशस्वी’ असेच कळते, डेटा तेवढा रिकामा असतो. म्हणून यश आणि डेटा दोन्ही तपासावे लागतात.

क्रमही महत्त्वाचा. जून 2016 मध्ये ‘द डीएओ’ या करारातून सुमारे 36 लाख इथर (इथेरियमचे चलन) काढले गेले, कारण तो आधी रक्कम पाठवत होता आणि शिल्लक नंतर कमी करत होता. तेवढ्या फटीत त्याच फंक्शनला पुन्हा पुन्हा कॉल करता आला. कर्जाच्या करारानेही आधी पावती तपासावी, मग ती तारण म्हणून नोंदवावी आणि शेवटी रक्कम सोडावी.

एवढे करूनही पावतीचा करार नोंदवलेलेच वजन सांगतो. पोती मोजणे आणि दाण्यातला ओलावा तपासणे हे काम वखारीतल्या माणसांचेच राहते.