भाजीची पिशवी आणि शेतकऱ्याचा हिशेब

एकत्र कुटुंबाच्या घरांत सकाळचा चहा होतो न होतो तोंच पहिला प्रश्न निघतो तो, "आज भाजी कोणती?" हा होय. दहाबारा पानें वाढावयाचीं. त्यांत एकास कारलें चालत नाहीं, दुसऱ्यास भोपळ्याचें नांव नको, थोरल्यांस पथ्य, तर लहानांस हट्ट. तेव्हां भाजी ठरविणें ही गृहिणीच्या दृष्टीनें क्षुल्लक बाब नव्हे. तथापि ती कोठून आणावी व कोणाकडून घ्यावी, याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. दारावर हातगाडी घेऊन येतो तो, किंवा अलीकडे फोनवरून सांगितलें कीं अर्ध्या घटकेंत जिन्याशीं पिशवी आणून ठेवतो तो, आपला भाजीवाला. आमच्या घरीं या प्रश्नाचा थोडा ऊहापोह एका मेथीच्या जुडीवरून घडून आला. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

आम्ही पुण्याचे, म्हणून आरंभ मंडईपासूनच करणें प्राप्त आहे. इ. स. १८८६ पूर्वीं या शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणांत भरत असे. त्या वर्षीं अष्टकोनी मनोऱ्याची मंडईची इमारत वापरांत आली व मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला 'रे मार्केट' म्हणूं लागले. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षां तो शिक्षणाकडे लागावा, असें जोतीराव फुले यांचें मत होतें, व नगरपालिकेचे सभासद असतांना त्यांनीं या खर्चास विरोध केला होता. पुढें त्याच मंडईस महात्मा फुले यांचें नांव मिळालें. ज्या पुरुषानें १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून कुणब्याच्या दैन्याची कहाणी मांडली, त्याच्या नांवाच्या मंडईंत आपण रोज पिशवी भरतों. परंतु पिशवींतील भाजीपैकीं कुणब्याच्या पदरांत काय पडलें, हें विचारीत नाहीं.

या बाबतींत सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें मात्र नाहीं. खोट्या वजनानें व मनमानी कपातींनीं शेतकरी नाडला जाऊं नये म्हणून मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा आला. हेतु उत्तम होता. तथापि शेतापासून आपल्या उंबऱ्यापर्यंतच्या वाटेवर गाडीभाडें, हमाली, तोलाई, अडत, मोठ्या व्यापाऱ्याचा नफा आणि शेवटीं किरकोळ विक्रेत्याचा नफा, असे मुक्काम होतेच. रिझर्व्ह बँकेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, टोमॅटोसाठीं गिऱ्हाईक जो रुपया देतें, त्यांतील सुमारें ३३ पैसे शेतकऱ्यास मिळतात. कांद्याच्या रुपयांत ३६ व बटाट्याच्या रुपयांत ३७. बाकीचे वाटेंत राहतात. २०१६ सालीं राज्य सरकारनें फळें व भाजीपाला बाजारसमितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली, आणि भाजीच्या मळ्यांतच विठ्ठल पाहणाऱ्या सावता माळ्याच्या नांवानें शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरविण्यास उत्तेजन दिलें. शेतकऱ्यानें स्वतः माल आणावा व गिऱ्हाइकानें तो त्याच्याच हातून घ्यावा, एवढीच त्यामागील कल्पना.

असाच एक बाजार आमच्या उपनगरांत दर रविवारीं भरतो. गेल्या थंडींत आमच्या थोरल्या काकू, त्यांची अकरा वर्षांची नात व आम्ही असे तेथें गेलों. काकूंचें वय अठ्ठ्याहत्तर. भाव पाडण्यांत त्यांचा हात धरणारें आमच्या घराण्यांत दुसरें कोणी नाहीं. पहिल्याच रांगेंत एक मध्यम वयाची बाई मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. दुसरें कांहीं नाहीं, फक्त मेथी व थोडी कोथिंबीर.

"कां ग बाई, मेथी कशी दिलीस?"

"वीसला जुडी, आजी."

"वीसला! अग, पलीकडे पंधराला आहे. पन्नासला चार दे."

बाईनें क्षणभर जुड्यांकडे पाहिलें व म्हणाली, "घ्या. भवानीची वेळ हाय, तुमच्या हातनं होऊं द्या." चार जुड्या पिशवींत पडल्या, वर कोथिंबिरीच्या चार काड्याही काकूंनीं हक्कानें घेतल्या. इतक्यांत नातीनें विचारलें, "मावशी, ही मेथी तुम्हीं स्वतः लावली?"

"व्हय बाळा. महिना झाला पेरून. काल दुपारपासनं उपटून जुड्या बांधल्या आन् रात्री दोनला टेंपोत बसले. टेंपोवाला दर फेरीला पैसं घेतो, मेथी इको का न इको."

"आणि उरली तर?"

"उरली तर जाताना कुणाच्या तरी गुरांम्होरं टाकायची. परत न्यायला भाडं कोण दील?"

त्या बाईच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. मुलीनें विचारलें म्हणून तिनें सांगितलें, आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. काकू मात्र परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलल्या नाहींत.

दुपारीं वर्तमानपत्राच्या कागदावर मेथी निवडावयास आम्ही सर्व बसलों. मेथी इतकी कोवळी होती कीं देठ टाकावयास फारसे निघेनात. निवडतां निवडतां काकू एकदम म्हणाल्या, "घासाघीस मी शिकलें तुळशीबागेंत. तेथें दुकानदार दहाची वस्तु पंधरा सांगे, आपण आठ म्हणावे, दहावर तोड व्हावी. जो भाव चढवून सांगतो त्याचा भाव पाडावा, यांत कांहीं वाईट नाहीं. पण हिनें चढवलाच नव्हता." मग थोड्या वेळानें, "चार जुड्यांचे ऐंशी होत होते. तीस तिचे आपल्याकडे राहिले."

पुढल्या रविवारीं काकू तीस रुपये निराळे घेऊन बाजारांत गेल्या. त्या जागीं ती बाई नव्हती. एक तरुण गाजरें घेऊन बसला होता. त्याला विचारलें, तर त्यास तिची माहिती नव्हती. त्यापुढच्या रविवारींही ती दिसली नाहीं.

तेव्हांपासून आमच्या घरीं या खरेदीचे कांहीं नियम ठरले आहेत. त्यांत नवें असें थोडेंच आहे. परंतु आमच्या वाचक भगिनींस ते उपयोगी पडतील, या आशेनें येथें देतों.

पहिली गोष्ट, शेतकरी कोणता व व्यापारी कोणता हें ओळखावें. शेतकऱ्यांचा बाजार अशी पाटी असली म्हणजे तेथें बसलेला प्रत्येक जण शेतकरी असतोच असें नाहीं. एका ठिकाणीं आम्हीं मोठ्या श्रद्धेनें 'मळ्यांतून थेट' म्हणून घेतलेल्या भाजीच्या तळाशीं ठोक बाजारांतील चिठ्ठी निघाली होती. ज्याच्यापुढें बारा महिन्यांच्या बारा भाज्या व शेजारीं सफरचंदेंही आहेत, त्यानें त्या पिकविल्या नाहींत हें उघड आहे. शेतकऱ्याजवळ बहुधा दोनचार जिन्नसच असतात. त्याचीं वांगीं एका मापाचीं नसतात, मुळ्यांस ओली माती असते, आणि "केव्हां पेरलें?" असें विचारतांच त्याला उत्तर शोधावें लागत नाहीं. हा प्रश्न विचारण्याची संवय ठेवावी. त्यानें माणूसही कळतो व मालही.

दुसरी गोष्ट, पारख डोळ्यांपेक्षां बोटांनीं करावी, पण बेतानें. भेंडीचें टोंक लवकर मोडलें कीं ती कोवळी. मात्र दहा भेंड्या मोडून चार घेणें हा शुद्ध अन्याय होय. वांग्याचा देठ हिरवा व ताजा असावा आणि वांगें आकाराच्या मानानें हातास हलकें लागावें. जड वांग्यांत बिया फार. गवारीची शेंग वांकविली असतां कटकन् तुटावी. पालेभाजी पाण्यानें निथळत असेल तर ती ताजी आहे असें समजूं नये. कोमेजलेल्या जुडीस उभारी आणण्याचा तो जुना उपाय आहे. मुळांशीं असलेली ओल निराळी व पानांवर मारलेलें पाणी निराळें.

तिसरी व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट, हंगाम सोडूं नये. पैसा वांचवावयाचा तो येथें वांचतो. मटार थंडींत ढिगानें येतो तेव्हां पोटभर खावा. तोच आषाढांत मागितला तर दाम दुप्पट व चव निम्मी. आपल्या वडिलांनीं हा हिशेब सणावारांत गोंवून ठेविला आहे. भोगीच्या भाजींत पावटा, गाजर, वांगें, ओला हरभरा जे जे पडतात, ते सर्व त्याच दिवसांत शेतांत उभे असतात. चातुर्मासांत वांगें वर्ज्य. त्या दिवसांत तें किडकें फार निघतें, हा घरोघरचा अनुभव आहे. पुढें चंपाषष्ठीस खंडोबाला भरताचा नैवेद्य होतो, तेव्हां थंडीचें वांगें ऐन चवीवर आलेलें असतें. आषाढ-श्रावणांत टाकळा, भारंगी, कुर्डू या रानभाज्या घेऊन डोंगराकडच्या बाया येतात, त्यांना रित्या हातीं पाठवूं नये. त्या भाज्या बाजारसमितीच्या वाटेनें आपल्याकडे क्वचितच पोंचतात. ऋषिपंचमीचें तर विशेषच आहे. बैलाच्या श्रमाचें त्या दिवशीं खावयाचें नाहीं. अळू, माठ, भोपळा, सुरण असें परसांत हातानें लावलेलें खावयाचें. ताटांतल्या घासामागें कोणीतरी राबलेलें आहे, याची आठवण वर्षांतून एक दिवस तरी घरास व्हावी, अशी ही सोय आहे. बैलाची आठवण ठेवणाऱ्या घरानें बैलामागें चालणाऱ्यास विसरूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

चौथी गोष्ट भावाची. ज्यानें पिकविलें तोच विकत असेल, तर त्यानें सांगितलेला भाव एकतर मान्य करावा किंवा नमस्कार करून पुढें जावें. महाग वाटलें तर कमी घ्यावें. सायंकाळीं बाजार उठतांना त्यानें आपण होऊन भाव उतरविला तर घेण्यास हरकत नाहीं. त्यांत त्याचाही माल फुकट जाण्यापासून वांचतो. परंतु घरीं परत जाण्याच्या घाईचा फायदा घेऊन त्याला अडवूं नये.

यावर कोणी म्हणेल कीं, ज्यांचा महिना मोजक्या मिळकतींत भागवावयाचा त्यांनीं हें औदार्य कोठून आणावें? प्रश्न रास्त आहे. परंतु आम्हीं दोन महिने वहीवर हिशेब लिहून पाहिला. हंगामाची भाजी घेतली व फुकट जाणारी भाजी कमी केली, तर घासाघीस न करितांही खर्च वाढला नाहीं. ताजी मेथी दोन दिवस टिकते, तेथें कोमेजलेली दुसऱ्याच दिवशीं टाकावी लागते. पाडलेले पांच रुपये असे परत जातात. दुसरें कोणी म्हणेल, मग रोजच्या हातगाडीवाल्यानें काय करावें? त्याच्यावरही आमचा रोष नाहीं. तो पहाटे अंधारांत ठोक बाजारांत उभा राहतो, उन्हांत गाडी ढकलतो, व नासका माल त्याच्याच माथीं बसतो. आठवड्याची भाजी एका दिवशीं भरून ठेवणें मोठ्या कुटुंबास शक्यही नाहीं. आमच्या घरीं रविवारची पिशवी शेतकऱ्याची व मधल्या दिवसांची हातगाडीवाल्याची, अशी वांटणी झाली आहे.

मुलांस मात्र या बाजारांत अवश्य न्यावें. मेथी महिन्यांत येते, हें आमच्या नातीस पुस्तकांतून कळलें नव्हतें. तें एका बाईनें तिला दोन वाक्यांत शिकविलें. ती आतां ताटांत भाजी टाकीत नाहीं. टाकूं लागली तर कोणास रागें भरावें लागत नाहीं. तिची तीच थांबते.

काकू अजूनही दर रविवारीं येतात. पहिल्या रांगेपाशीं थोड्या थांबतात, इकडेतिकडे पाहतात व मग पुढें होतात. त्यांच्या बटव्यांत एका बाजूस घडी करून ठेविलेले ते तीस रुपये अद्याप तसेच आहेत.