फाशी रद्द म्हणजे सुटका नव्हे : शिक्षेला राज्यघटनेची वेस कुठे?

बेळगाव : हिंडलगा म्हटलं की सीमाभागातल्या माणसाला आधी हुतात्मा स्मारक आठवतं. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये हे नाव देशभर गाजलं ते तिथल्या मध्यवर्ती कारागृहामुळे. कर्नाटकातली फाशी द्यायची सोय याच तुरुंगात. वीरप्पनच्या चार साथीदारांचे दयेचे अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळले होते आणि आता कुठल्याही दिवशी फाशी होणार, अशी चर्चा चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती. ती फाशी झालीच नाही. २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान खटल्यात एकूण १५ जणांची फाशी जन्मठेपेवर आणली, त्यात हे चौघेही होते.

त्या वेळी अनेकांचा प्रश्न एकच होता. १९९३ च्या पालार सुरुंगस्फोटात २२ जणांचा जीव गेला, मग दया कसली?

खरं तर न्यायालयाने गुन्हा लहान ठरवलाच नव्हता. उलट याच प्रकरणात म्हैसूरच्या विशेष न्यायालयाने दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयानेच २००४ मध्ये वाढवून फाशी केली होती. त्यानंतर दयेचे अर्ज नऊ वर्षं पडून राहिले. रोज सकाळी ‘आज की उद्या’ म्हणत माणसाला इतकी वर्षं कोठडीत ठेवणं ही कोणत्याही निकालपत्रात न लिहिलेली वेगळी शिक्षा झाली, आणि ती घटनेच्या कलम २१ मध्ये बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला कळवल्यावर फाशीआधी किमान १४ दिवस द्यावेत, हेही त्याच निकालात ठरलं.

मुळात शिक्षा द्यायची कशासाठी? कायद्याचे अभ्यासक याची चार कारणं सांगतात. केलं त्याचं फळ मिळावं, म्हणजे परतफेड. बघणाऱ्याला जरब बसावी. धोकादायक माणूस समाजापासून लांब राहावा. आणि माणूस सुधारावा. गावातल्या पारावर पहिल्या दोनांचीच चर्चा होते, त्यात गैर काही नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला सुधारणेच्या गोष्टी सांगणं सोपं नसतं. पण हिशोब मांडायचा तर चारही रकाने भरावे लागतात. चौथा रकाना कोराच ठेवून फाशी देता येणार नाही, असं आपल्या न्यायालयांनी हळूहळू पक्कं केलं.

१९८० च्या बच्चन सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींपुढे फाशीच घटनाबाह्य ठरवावी अशी मागणी होती. चार विरुद्ध एक मतांनी फाशी राहिली, पण ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणापुरतीच. नुसता गुन्हा बघून भागत नाही, गुन्हेगारही बघायचा: त्याचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. आणि ती शक्यता उरलेली नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारी पक्षाची. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने भारतीय दंड संहितेचं कलम ३०३ रद्द केलं. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशी सक्तीची, असं ते कलम होतं. न्यायाधीशाला विचार करायला जागाच न ठेवणारी शिक्षा घटनेत चालत नाही, हा त्याचा अर्थ. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत याच गुन्ह्याला फाशी किंवा मरेपर्यंत जन्मठेप, असा पर्याय ठेवलाय.

पण कैद्याची माहिती कोर्टापुढे येणार कशी? बऱ्याचदा दोषी ठरवल्याच्या दिवशीच शिक्षेवर युक्तिवाद व्हायचा आणि वकील ‘गरीब आहे, लहान मुलं आहेत’ एवढं सांगून बसायचा. इंदूरमध्ये २०११ साली एकाच घरातल्या तीन महिलांचे खून झाले. त्या खटल्यात मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी किमान २५ वर्षांची जन्मठेप दिली आणि आरोपीचा मानसिक अहवाल, तुरुंगातली वागणूक वगैरे कागद खालच्या कोर्टातच पुढे यायला हवेत, असं बजावलं.

आता ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं’ हा समज. तो चुकीचा आहे. गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर १९६१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की जन्मठेप म्हणजे जिवंत असेपर्यंत कैद; मध्ये सुटका हवी तर सरकारने सूट द्यावी लागते. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात १४ वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय अशी सूट मिळत नाही. चौदाचा आकडा आला तो इथून. म्हणजे चौदा वर्षांनी सुटकेचा विचार होऊ शकतो, सुटका होतेच असं नाही. शिवाय बेंगळुरूच्या श्रद्धानंद खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सूट नाहीच, मरेपर्यंत आत’ अशी मधली शिक्षा दिली. २०१५ मध्ये घटनापीठाने ती मान्य केली, मात्र असा अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयालाच. सत्र न्यायाधीशाला नाही.

कोल्हापूरच्या गावित बहिणींच्या प्रकरणात हे सगळे धागे एकत्र येतात. लहान मुलांचं अपहरण आणि खून, यासाठी २००१ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी दिली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २००८ साली केलेले दयेचे अर्ज मंत्रालयातल्या टेबलांवरून फिरत राहिले आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिरंगाईमुळे फाशीची जन्मठेप केली. ‘सरकारच्या ढिलाईचा फायदा त्यांना का?’ हा पालकांचा संताप रास्तच होता, आणि न्यायालयानेही सरकारी यंत्रणेवर ताशेरे ओढले. मात्र दोघींची दुसरी मागणी होती थेट सुटकेची. ती मान्य झाली नाही. सूट द्यायची की नाही हे राज्य सरकारने ठरवावं, असं सांगून न्यायालयाने त्यांना तुरुंगातच ठेवलं.