मेणाच्या चांदण्या

होयाचं फूल पहिल्यांदा पाहणारा माणूस ते बोटाने हळूच दाबून बघतोच. खरं वाटतच नाही! पंधरा-वीस फिकट गुलाबी चांदण्यांचा अर्धा चेंडू, प्रत्येक चांदणीवर बारीक मखमल आणि तिच्या मधोमध आणखी एक इवलीशी, चकचकीत चांदणी, मेणात घडवल्यासारखी. रात्री दिवे मालवले की वास दरवळू लागतो. जवळ जाऊन पाहावं, तर फुलांवर मधाचे थेंब ओथंबलेले.

ही घडण आपल्या ओळखीची आहे. ज्या रुईच्या पानांचा हार शनिवारी मारुतीला घालतात, तिचं फूल नीट पाहा. तशाच पाच पाकळ्या, मधे तसाच मुकुट. दोघी एकाच कुळातल्या. होयाचं पान तोडलं तरी पांढरा चीक येतो. परागही दोघींचे सुटे नसतात, मेणचट पुड्यांत बांधलेले असतात. मधासाठी आलेल्या किड्याचा पाय मुकुटाजवळच्या फटीत अडकतो आणि ओढून काढताना पुड्यांची जोडी पायाला लटकून येते. पुढच्या फुलात तीच पुडी नेमक्या फटीत बसली, तरच बी धरतं. इतक्या नाजूक हिशेबावर या वेलीचा वंश चालतो!

घरोघरी दिसते ती होया कार्नोसा. तिच्या जातबहिणी सह्याद्रीतही आहेत, तिथेही झाडांवरच चढलेल्या. फांद्यांवर वाढणाऱ्या या वेलींना पाऊस थांबला की मुळाशी फारसं पाणी उरत नाही, म्हणून पानं जाड, पाणी साठवणारी. पानांवरची छिद्रंही कार्नोसा प्रामुख्याने रात्री उघडते, उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून. हे कळलं की तिला घरात कसं ठेवायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. छोटी कुंडी, नारळाच्या सोडणाचे तुकडे घातलेली भुसभुशीत माती, पूर्वेची खिडकी. पाणी वरची माती सुकल्यावरच. कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात.

मधूनच ती पानं नसलेला लांबलचक शेंडा काढते. तो आधार शोधत हवेत सावकाश गोल फिरतो. त्याला काठी द्या, पानं मागाहून येतील.

१८१० साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने या वेलींना नाव दिलं ते टॉमस हॉय यांचं. हॉय लंडनजवळच्या सायन हाउसच्या बागेचे मुख्य माळी होते. एका माळ्याचा असा मान मला फार मोलाचा वाटतो.

फुलं गळली की पेराएवढा बोडका दांडा मागे उरतो. दिसायला निरुपयोगी. पहिल्या वर्षी मी ते सगळे दांडे छाटले आणि पुढचा बहर हातचा घालवला, कारण नवे कळे त्याच दांड्याच्या टोकाला येतात, वर्षानुवर्षं. तुमच्या वेलीवर असा दांडा दिसला, तर कृपा करून त्याला कात्री लावू नका.