तिसरं यंत्र कुठे ठेवायचं?

‘गूगल फाइल सिस्टिम’ या २००३ सालच्या शोधनिबंधाचं मला कित्येक वर्षांचं वेड आहे. पानं अवघी पंधरा, लेखक तिघं: संजय घेमावत, हॉवर्ड गोबिऑफ आणि शुन-ताक लेउंग. त्यांचं पहिलंच गृहीतक असं, की यंत्रं बिघडणं हा अपवाद धरू नये, तो रोजचाच व्यवहार आहे. कोकणातल्या हातखंब्यात पावसाळ्यातली वीज ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको. बँका आणि इस्पितळं आज सर्व्हर आणि स्टोरेज एकाच यंत्रात असलेली जी ‘हायपरकन्व्हर्ज्ड’ व्यवस्था विकत घेतात, तिचा खरा पाया हाच आहे. विक्रेते ‘सगळं एकाच पेटीत’ एवढंच सांगून मोकळे होतात, याचं मला वाईट वाटतं.

आधीची मांडणी सर्वांना ठाऊक आहे. सर्व्हर एका कंपनीचा, महागडं स्टोरेज दुसरीचं, मधला स्विच तिसरीचा. काही अडलं की तिघांचे इंजिनिअर एकमेकांकडे बोट दाखवणार.

या साऱ्या इतिहासात मला गोबिऑफ सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात तो गार्थ गिब्सन यांच्या गटात होता. १९८८ साली पॅटरसन आणि काट्झ यांच्यासोबत ‘रेड’ची कल्पना मांडणारे ते हेच गिब्सन: पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि एका महागड्या डिस्कचं काम त्यांच्याकडून करून घ्यायचं. पुढे या गटानं डिस्क थेट नेटवर्कला जोडायचं ठरवलं. मग प्रश्न आला, की मधला सर्व्हर काढल्यावर डिस्कनं कुणाचं ऐकायचं? गोबिऑफची १९९९ सालची पीएच.डी. याच सुरक्षेवर आहे. व्यवस्थापक यंत्रानं मागणाऱ्याला परवाना द्यायचा, डिस्कनं तो तपासून माहिती थेट हाती द्यायची. गूगलच्या रचनेतही मुख्य यंत्र फक्त पत्ता सांगतं, माहितीची ने-आण त्याच्यामार्फत होत नाही. हे नातं निबंधात लेखकांनीच नोंदवलं आहे. प्रत्येक तुकडा ६४ मेगाबाइटचा, त्याच्या तीन प्रती, आणि त्याही वेगवेगळ्या रॅकमध्ये विखुरलेल्या. २००८ साली, ऐन छत्तिशीत, गोबिऑफ लिम्फोमानं गेला.

गूगलमध्ये याच फाइल सिस्टिमवर काम केलेले मोहित अरोन यांनी २००९ साली धीरज पांडे आणि अजीत सिंग यांच्यासह न्यूटॅनिक्स काढली. २०११ साली त्यांचं पहिलं यंत्र बाजारात आलं; पुढे पुण्यातही कंपनीचं काम सुरू झालं. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात त्याच्याच डिस्क, आणि लिहिलेल्या माहितीची दुसरी प्रत लगेच शेजारच्या सर्व्हरवर. प्रती दोन असल्या तरी यंत्रं किमान तीन लागतात. दोघांमधली तार तुटली तर प्रत्येकाला वाटणार की दुसरा मेला, आणि दोघंही आपापल्या खात्यात लिहीत सुटणार. एकाच ठेवीदाराच्या दोन शिलका! कुणी थांबायचं ते तिसऱ्याच्या कौलानं ठरतं.

व्हीएमवेअरचं याच धर्तीचं व्हीसॅन २०१४ साली आलं आणि दोन्ही कंपन्यांची जुंपली. ती भांडणं आता शिळी झाली. २०२३च्या अखेरीस ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली आणि कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं. ग्राहकांना खरा चटका तेव्हा बसला.

कोकणापुरता मात्र माझा आक्षेप वेगळा आहे. तिन्ही सर्व्हर एकाच खोलीत, एकाच रॅकमध्ये बसवले जातात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पुरात तळमजल्यावरचे तीन सर्व्हर तिन्हीच्या तिन्ही बुडतात. प्रती विखरून ठेवा, हे गोबिऑफनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं, ते इथे कुणी मनावर घेत नाही.

चिपळूणहून हातखंबा महामार्गानं सुमारे ८० किलोमीटर. फायबरमधून प्रकाशाला जाऊन परत यायला एक मिलिसेकंदही लागत नाही, म्हणजे दुसरी प्रत हातखंब्याला ठेवण्यात अंतराची अडचण नाही. अडचण तारेची आहे. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की दोघं पुन्हा एकमेकांना मेलेलं समजणार. तेव्हा कौल देणारं तिसरं, छोटंसं यंत्र कोल्हापूरला हवं; हातखंब्याहून तिकडे वेगळाच रस्ता जातो. पण २०२१च्या त्याच पावसात या रस्त्यावरच्या आंबा घाटातही दरडी कोसळल्या होत्या. म्हणून चिपळूणहून कोल्हापूरला जाणारी तार हातखंब्यावरून न नेता कुंभार्ली घाटातून, कराडमार्गे न्यावी लागेल.