तर्कांची मैफल

केवळ दोन अक्षरांवर दीड वर्ष तर्क लढवीत बसलेले रसिक वाचकांनी कधी पाहिले आहेत काय? व्हिडिओ गेमच्या दुनियेत तसे घडले आहे. १७ मार्च २०१५ रोजी निन्टेन्डो या जपानी कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी आपण नवे खेळयंत्र, म्हणजे कन्सोल, तयार करीत असल्याचे जाहीर केले. नाव ‘एन्एक्स’, तेही तात्पुरते. कल्पना अगदी नवी आहे, अधिक पुढल्या वर्षी सांगू, एवढ्यावर त्यांनी विषय मिटविला.

एवढ्या लवकर हे बोलण्याचे कारण होते. त्याच दिवशी मोबाईल फोनवरही आपले खेळ आणण्याचा बेत त्यांनी सांगितला होता. तेवढेच ऐकून लोकांनी कंपनी यंत्रांचा धंदा गुंडाळते आहे असे धरले असते. धास्ती खोटी नव्हती. ‘वी’ हे यंत्र दहा कोटींवर खपले होते. त्यामागून २०१२ साली आलेले ‘वी यू’ दीड कोटीलाही पोहोचले नाही. ज्या मारिओच्या संगतीत बालपण गेले त्याचे घर राहते की जाते, हाच प्रश्न होता. म्हणून चाहत्यांच्या त्या तर्कांना मी पोरखेळ म्हणणार नाही.

११ जुलै २०१५ रोजी इवाता वयाच्या ५५व्या वर्षी निवर्तले, आणि कंपनी यंत्राविषयी मूग गिळून बसली. मग चाहत्यांनी पेटंटची कागदपत्रे धुंडाळली. एका आकृतीत बटणे नसलेला, तोंडभर पडद्याचा लंबगोल हातखेळणा दिसला. मार्च २०१६मध्ये तशाच वस्तूची दोन छायाचित्रे फिरू लागली. दोन्ही बनावट! करणाऱ्यांनी पुढे ते कबूलही केले.

आमच्याकडे गवई तंबोरे जुळवू लागला की जाणते श्रोते पहिल्या तारेकडे कान लावतात. ती पंचमाऐवजी मध्यमाला लागली की ‘मालकंस!’ अशी कुजबुज होते. बागेश्रीचा पक्ष घेणारा एखादा असतोच. अंदाज चुकला तरी बैठक बिघडत नाही. पण तिथे तार तरी खरी असते हो!

जून २०१६मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनातही यंत्र दिसले नाही. जुलैत ‘युरोगेमर’ने बातमी दिली: यंत्र हातात धरून खेळायचे, दोन्ही बाजूंच्या मुठी सुटणाऱ्या, घरी आल्यावर ते टीव्हीला जोडायचे. बातमी तंतोतंत खरी होती. परंतु प्रतिस्पर्ध्यांना बळाने लोळवील असे यंत्र मनात धरून बसलेल्यांना ती रुचली नाही, आणि न रुचलेले खोटे ठरविणे सोपे असते.

२० ऑक्टोबर २०१६ रोजी साडेतीन मिनिटांची चित्रफीत आली. नाव ‘स्विच’. मूठ खाचेत सरकून ‘खट्’ असा आवाज होतो, तो ऐकून माझ्यासारख्याचे कान टवकारले. कुणाच्याही तर्कात तो नव्हता. ३ मार्च २०१७ला बाजारात आलेले हे यंत्र पुढे पंधरा कोटींवर गेले. इवातांनी ते पाहिले नाही.

धाकट्या भावंडाच्या, ‘स्विच २’च्या वेळी मात्र बहुतेक सारे आधीच फुटले होते. १६ जानेवारी २०२५च्या चित्रफितीत गूढ असे एकच उरले: अक्षर नसलेले एक बटण. चाहत्यांनी २ एप्रिलपर्यंत, म्हणजे अडीच महिने, तेवढ्यावर काढले. ते निघाले खेळता खेळता मित्रांशी गप्पा मारण्याचे.